वाचकांचे प्रश्न : पोस्टडॉक फेलोशिपचा अर्ज करताना

मागच्या अंकात थिसिस जमा केल्यावर पुढं काय यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके मेल आले की या वेळचं अख्खं सदर पोस्टडॉक फेलोशिपला, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं संशोधन करायला मिळणाऱ्या पैशाला, द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, बाकी तुमची भाषा तशीच ठेवलीय. मी स्वतः दोनदा अर्ज केला होता, पहिल्यांदा नाकारला गेला, दुसऱ्यांदा मिळाली, आणि गेली काही वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचायचं कामही करते. त्यामुळं अर्ज लिहिताना पोटात येणारा गोळा पण माहितीये आणि रात्री अकरा वाजता पंधरावा अर्ज उघडणाऱ्या माणसाचे डोळे किती थकलेले असतात ते पण माहितीये.

ताई, माझा थिसिस सहा-सात महिन्यांत जमा होईल. लॅबमधले सीनियर म्हणतात आधी डिग्री हातात येऊ दे मग बघ. पोस्टडॉकची नोकरी आणि फेलोशिप यात नेमका फरक काय, आणि सुरुवात कधी करायची?
– शेवटच्या चॅप्टरमध्ये अडकलेली

आत्ता कर. सीनियर काळजीपोटीच सांगत असतील पण या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस.

आधी फरक बघ. पोस्टडॉकच्या नोकरीत पीआयकडं, म्हणजे लॅबच्या प्रमुखाकडं, ग्रँट असते, प्रश्न त्याने ठरवलेला असतो, त्याला ते काम करणारा माणूस हवा असतो. फेलोशिपमध्ये पैसा तुझ्या नावावर येतो आणि प्रश्न तू घेऊन जातेस, लॅब त्यांची असली तरी. ही कल्पना जुनी आहे, १९१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून फिजिक्स आणि केमिस्ट्रीसाठी अशा फेलोशिप सुरू केल्या, नुकतीच पीएचडी झालेल्या पोरांना शिकवण्याच्या ओझ्याशिवाय संशोधन करता यावं म्हणून, ओपेनहायमरला पण १९२७ मध्ये त्यातलीच एक मिळाली होती. शंभर वर्षांत फॉर्म बदलले, पोर्टल आले, पण मूळ अपेक्षा तीच राहिली की या माणसाकडं स्वतःचा प्रश्न आहे का ते बघायचं. आज मी तुम्हा सगळ्यांना जे काही सांगणार आहे ते फिरून फिरून इथंच येणार आहे.

आता वेळेचं गणित. युरोपातल्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची डेडलाइन गेल्या काही फेऱ्यांत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली, निकाल फेब्रुवारीत, आणि त्यानंतर करार, व्हिसा, जागा शोधणं. म्हणजे अर्ज ते पहिला दिवस यात आठ-दहा महिने आरामात जातात. त्याच्या आधी होस्ट, म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये जायचं ते प्रोफेसर, शोधायला आणि प्रपोजल लिहायला तीन-चार महिने धर. डिग्री हातात आल्यावर सुरुवात केलीस तर मधलं वर्ष कशावर काढणार?

दुसरं म्हणजे पीएचडी झाल्यावर घड्याळ सुरू होतं आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. युरोपातल्या जीवशास्त्राच्या एम्बोला पीएचडी होऊन दोन वर्षांच्या आत अर्ज लागतो, ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमला तीन वर्षांच्या, जर्मनीच्या हुम्बोल्टच्या पोस्टडॉक गटाला चार, जपानच्या जेएसपीएसला सहा, आणि मारी क्युरीत पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव जास्तीत जास्त आठ वर्षं. हे आकडे त्या त्या फेरीच्या नियमावलीत पुन्हा बघायचेच, आणि बघताना एक गोष्ट खास शोधायची की पीएचडीची तारीख कुठली धरतात, व्हायव्हाची (तोंडी परीक्षेची) का सर्टिफिकेटवरची. या दोन तारखांमध्ये कधी कधी वर्षभराचं अंतर पडतं आणि माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलीचा अर्ज फक्त या कारणाने वाचलाच गेला नाही.

एक साधी वही कर, फेलोशिपचं नाव, डेडलाइन, घड्याळ, देश बदलावा लागतो का, होस्टचं पत्र लागतं का, एवढंच. या कामाला एक संध्याकाळ पुरते.

मी वीस प्रोफेसरांना मेल केले, दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नकार. माझा सीव्ही वाईट नाहीये. बाकीचे अठरा उत्तर का देत नाहीत?
– इनबॉक्स रिफ्रेश करणारा

तू मेलची कॉपी जोडलीस ते फार बरं केलंस. "आदरणीय प्रोफेसर, मला तुमच्या संशोधनात अतिशय रस आहे आणि तुमच्या प्रतिष्ठित ग्रुपमध्ये काम करायची संधी मिळाल्यास मी ऋणी राहीन." मग खाली सात ओळी स्वतःबद्दल, आठवीत पहिला आला होतास तिथपासून जवळपास. हा मेल वीसपैकी कुणालाही गेला असता आणि वाचणाऱ्यालाही ते पहिल्या ओळीत कळतं, म्हणून तो उघडून लगेच बंद होतो. राग नसतो त्यात, अशा मेलांचा ढीग येतो त्यांना.

वीस नको, पाच जण निवड. प्रत्येकाचे गेल्या दोन-तीन वर्षांतले दोन पेपर खरंच वाच, म्हणजे फिगरसकट, सप्लिमेंटरीसकट. वाचताना कुठंतरी तुला थांबायला होईल, इथं हे असं का आलं असेल, हे मी माझ्या पद्धतीने मोजलं असतं तर काय दिसलं असतं. ती जागा म्हणजे तुझा मेल. मी पहिल्यांदा ज्या मेलला उत्तर मिळवलं तो सहा ओळींचा होता. पहिल्या ओळीत त्यांच्या पेपरमधल्या एका ग्राफबद्दल प्रश्न, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत मी पीएचडीत काय मोजायला शिकले आणि ते तिथं कसं लागू पडेल, चौथीत अमुक फेलोशिपसाठी तुमच्याकडून अर्ज करायचाय, डेडलाइन अमुक तारखेला, पाचवीत पंधरा मिनिटं कॉलवर बोलता येईल का, सहावीत सीव्ही जोडलाय. तासाभरात उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की त्या ग्राफबद्दल आमच्याकडंही वाद चाललेत, चल बोलू.

फेलोशिपचं नाव आणि तारीख मेलमध्ये घालणं फार महत्त्वाचं आहे. नुसतं "पोस्टडॉक करायचंय" म्हटलं की समोरच्याला वाटतं याला माझ्या ग्रँटमधून पगार हवाय, आणि ग्रँट नसेल तर तो गप्प बसतो. तू स्वतःचा पैसा आणायचा प्रयत्न करतोयस हे कळलं की बोलणं बदलतं.

सब्जेक्ट लाइनमध्ये फेलोशिपचं नाव आणि तुझ्या प्रश्नाचे चार शब्द टाक. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी त्याच मेलला एकच आठवण कर, नम्रपणे, आणि मग सोडून दे. जेएसपीएससारख्या ठिकाणी अर्ज होस्टच त्याच्या संस्थेमार्फत पाठवतो, आणि संस्थेची आतली तारीख अधिकृत डेडलाइनच्या आधीची असते, तिथं तर होस्टला उशिरा गाठणं म्हणजे फेरी हातची गेलीच.

आणि हो, कॉल झाला की त्या लॅबमधल्या आत्ताच्या पोस्टडॉकशी किंवा सोडून गेलेल्याशी पण बोल. पेपरवर नावं कुणाची येतात, सुट्टी मागितली तर काय होतं, जाताना प्रोजेक्ट सोबत नेऊ देतात का. हे तिसरं तर विचारच, कारण दोन वर्षांनी स्वतःची लॅब उभी करायची झाली तर तुझा प्रश्न तुझ्यासोबत यायला हवा.

माझं प्रपोजल गाइडला आवडलं, मित्रांना आवडलं, तरी मला स्वतःलाच वाचताना ते सपाट वाटतं. पहिलं पान सोबत पाठवतेय. काय चुकतंय?
– बॅटरीवाली

तुला सपाट वाटलं म्हणजे तुझे कान चांगले आहेत. तुझ्या परवानगीने पहिलं वाक्य इथं देते. "सोडियम आयन बॅटऱ्या भविष्यातील ऊर्जा साठवणुकीसाठी महत्त्वाच्या असून प्रस्तुत प्रकल्पात हार्ड कार्बन ॲनोडचा सखोल अभ्यास केला जाईल." (हार्ड कार्बन ॲनोड म्हणजे बॅटरीचं कार्बनचं निगेटिव्ह टोक, सोडियम त्यात साठतो.) यात चूक काहीच नाही पण यात तू पण नाहीयेस. हे वाक्य या विषयातला कुणीही लिहील. आणि "सखोल अभ्यास" म्हणजे काय करणार, काय सापडलं म्हणजे अभ्यास झाला असं म्हणायचं?

मग चौथ्या पानावर, परिच्छेदाच्या मधोमध, तू लिहिलंयस की व्होल्टेज जवळपास सपाट राहतं त्या टप्प्यात सोडियम नेमका कुठं जाऊन बसतो यावर अजून एकमत नाही. अगं, हेच तर पहिलं वाक्य आहे! २००० मध्ये स्टीव्हन्स आणि डान यांनी पत्त्यांच्या बंगल्याचं मॉडेल मांडलं, म्हणजे कार्बनचे छोटे छोटे थर वेडेवाकडे रचलेले, आधी सोडियम थरांच्या मधे शिरतो आणि मग सपाट टप्प्यात मधल्या बारीक पोकळ्यांत साठतो. नंतर काही जणांनी हे उलटं मांडलं, आणि वाद अजून चालू आहे. तुझी कल्पना अशी की टेम्प्लेट वापरून पोकळ्यांची साइज बदलत न्यायची, थरांमधलं अंतर होता होईल तो तेच ठेवायचं, आणि बॅटरी चालू असतानाच मोजायचं. मी असं लिहीन:

"हार्ड कार्बनमध्ये सपाट टप्प्यातला सोडियम थरांमध्ये शिरतो की पोकळ्यांत साठतो हे आजवर वेगळं करता आलेलं नाही, कारण कार्बन भाजायचं तापमान बदललं की थरांमधलं अंतर आणि पोकळ्या दोन्ही एकदम बदलतात. मी पोकळ्यांची साइज स्वतंत्रपणे बदलून हे दोन परिणाम वेगळे करणार आहे."

बघ, दोन वाक्यांत काय माहिती नाही, का माहिती नाही आणि तू काय वेगळं करणार, तिन्ही आलं. ऊर्जा साठवणुकीचं महत्त्व तिसऱ्या वाक्यात येऊ दे, त्याला कुणाची ना नाही, पण पॅनलवरच्या माणसाला ते आधीच माहिती असतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुझी तीन ऐम्स (उद्दिष्टं) एकावर एक रचलीयेत, पहिल्यात मटेरियल बनवणार, दुसऱ्यात त्याच मटेरियलवर सिंक्रोट्रॉनला (प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) मोजणार, तिसऱ्यात त्या मोजमापावरून मॉडेल करणार. पहिलं हुकलं की सगळं कोसळलं. रिव्ह्यूअर हे सगळ्यात आधी शोधतो, मी पण शोधते. थर आणि पोकळ्या वेगळ्या करणं अवघड आहे हे तुला माहितीये, मग ते लपवू नकोस, लिही की सहाव्या महिन्यापर्यंत अंतर ठरलेल्या मर्यादेत ठेवता आलं नाही तर बाजारात मिळणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या हार्ड कार्बनवर तुलना करून पुढं जाईन. सिंक्रोट्रॉनवर बीमटाइम, म्हणजे तिथं मोजायची वेळ, मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मिळेलच असं नाही, तर त्याची सोय काय? होस्टकडं सोडियम-२३ चा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचा सिग्नल वाचणारं यंत्र) आहे असं तूच लिहिलंयस, पोकळीत साठलेला सोडियम धातूसारखा वागायला लागला की तिथं सिग्नल सरकतो, म्हणजे बीमटाइम नाही मिळाला तरी तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर घरच्या घरी मिळतं. हे एका ओळीत दुसऱ्या ऐमखाली घाल. अडचण आधी ओळखून पर्यायी रस्ता दाखवणारा माणूस वाचणाऱ्याला भरवशाचा वाटतो, आणि "कोणताही धोका अपेक्षित नाही" असं लिहिणाऱ्याने प्रयोग कधी केलेत का अशी शंका यायला लागते.

गँट चार्ट (महिन्यांनुसार कामांचा तक्ता) सुंदर रंगवलायस पण चोवीसच्या चोवीस महिने सगळे पट्टे भरलेले आहेत. मटेरियल यायला उशीर होतो, मशीन बंद पडतं, पहिले दोन महिने तर नवीन लॅबमध्ये सेफ्टी ट्रेनिंग आणि चाव्या मिळवण्यातच जातात. थोडी मोकळी जागा ठेव आणि निर्णयाचे दोन क्षण खुणेने दाखव, या महिन्यात हे दिसलं तर हा रस्ता, नाही दिसलं तर तो.

मारी क्युरीला अर्ज करणार म्हणालीस म्हणून एवढं सांगते. तिथं गुणांची वाटणी उघड असते, एक्सलन्सला ५० टक्के, इम्पॅक्टला ३०, अंमलबजावणीला २०. बहुतेक जण सगळा जीव पहिल्या भागात ओततात आणि बाकीचे ५० टक्के शेवटच्या रात्री भरतात. मुख्य भागाला दहाच पानं असतात, तर इम्पॅक्टला निदान अडीच-तीन पानं राखून ठेव, आणि त्यात जगाचं भलं कसं होईल यापेक्षा तू या दोन वर्षांत काय शिकशील जे तुला आत्ता येत नाही आणि त्याने तुझी पुढची वाट कशी बदलेल ते लिही.

गाइड म्हणाले, "रेकमेंडेशन लेटर तूच लिहून आण, मी सही करतो." असं करावं का? आणि आमचे संबंध शेवटच्या वर्षात थोडे बिघडलेत, तरी त्यांचंच पत्र घ्यावं लागतं का?
– अवघडलेला

स्वतःचं पत्र स्वतः लिहू नकोस. एक तर ते खोटं आहे, बऱ्याच फेलोशिपांच्या नियमांतच बसत नाही, आणि दुसरं म्हणजे तू स्वतःबद्दल कधीच तसं लिहू शकणार नाहीस जसं तुला पाच वर्षं बघितलेला माणूस लिहील. स्वतः लिहिलेली पत्रं ओळखू येतात, त्यात विशेषणं खूप असतात आणि प्रसंग एकही नसतो. भाषा पण प्रपोजलसारखीच असते.

पण गाइड असं म्हणतात ते बहुतेक वेळा आळसापेक्षा आठवत नाही म्हणून म्हणतात. तू त्यांचं काम सोपं कर. एक पानभर मुद्दे काढून दे, कोणत्या वर्षी काय केलंस, कुठला प्रयोग फसला आणि तो कसा सावरलास, ज्युनियरला काय शिकवलंस, पेपरमधला कुठला भाग पूर्ण तुझा. सोबत प्रपोजलचा सारांश आणि ती फेलोशिप पत्रात काय विचारते ते. "सर, पत्र तुमच्याच शब्दांत हवंय, मी फक्त आठवणीसाठी मुद्दे देतोय" असं सरळ म्हण, बहुतेक गाइड याला हो म्हणतात.

संबंधांचं म्हणशील तर, पीएचडी गाइडचं पत्र नसेल तर पॅनल विचारात पडतं हे खरं आहे, पण नाखुशीने लिहिलेलं थंड पत्र त्याहून वाईट. आधी समोर जाऊन विचार, "तुम्ही माझ्यासाठी मनापासून पत्र देऊ शकाल का?" या प्रश्नात समोरच्याला नाही म्हणायची जागा मिळते. उत्तर देताना अडखळले तर को-गाइड, कमिटी मेंबर, ज्यांच्यासोबत पेपर केलास ते कोलॅबोरेटर, यांच्याकडं वळ. जिथं गाइडचं पत्र सक्तीचंच आहे तिथं फेलोशिपच्या ऑफिसला आधी मेल करून परिस्थिती दोन ओळीत सांग, तक्रारीचा सूर नको. अशा गोष्टी त्यांच्यासाठी नवीन नसतात.

पोर्टलवरून रेफरीला, म्हणजे पत्र देणाऱ्याला, जाणारी लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, म्हणून डेडलाइनच्या तीन आठवडे आधी नावं भर आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचार मेल आला का. रेफरीची तारीख वेगळी असू शकते ती पण बघ.

फर्स्ट ऑथर पेपर एकच आहे, तोही फार मोठ्या जर्नलमध्ये नाही. दुसरा आठ महिने रिव्ह्यूत पडलाय. अर्ज करण्यात अर्थ आहे का?
– एकच पेपरवाली

आहे, पण कुठं करतेस ते बघून. एम्बोसारख्या ठिकाणी निदान एक फर्स्ट किंवा जॉइंट फर्स्ट ऑथर पेपर लागतो आणि तो तुझ्याकडं आहे. दुसरा पेपर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे रिव्ह्यूआधीच सगळ्यांना वाचता येईल असा, टाक ना, फिजिक्सवाले १९९१ पासून अर्काइव्हवर टाकतात, बायोलॉजीत २०१३ पासून बायोअर्काइव्ह आहे, म्हणजे निदान पॅनलला वाचायला तरी मिळेल. फक्त जर्नलचं धोरण आणि सगळ्या सहलेखकांची परवानगी आधी बघ. सीव्हीत मात्र जे आहे तेच लिही, रिव्ह्यूत असेल तर रिव्ह्यूत, त्याला स्वीकारला असं चुकूनही लिहू नकोस, ही गोष्ट तपासायला पाच मिनिटं लागतात आणि सापडली की बाकी सगळ्या अर्जावरचा विश्वास उडतो.

जर्नलच्या नावाचं ओझं आता थोडं कमी झालंय. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को डिक्लेरेशन निघालं, त्यात जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्यावरून) माणसाचं मोल ठरवू नका असं सरळ म्हटलंय, आणि बऱ्याच फंडिंग संस्थांनी त्यावर सह्या केल्यात. काही ठिकाणी आता पेपरांच्या यादीऐवजी काय केलंत ते वाक्यांत लिहायला सांगतात. सगळे पॅनल मेंबर एका रात्रीत बदललेत असं मी म्हणणार नाही, मोठ्या जर्नलचं नाव दिसलं की डोळे अजून तिथं थांबतात, हे मी बघितलंय आणि मला ते खटकतं. तरी जागा मिळालीये तर वापर. एका पेपरवर तीन ओळी लिही, प्रश्न काय होता, तू स्वतः काय केलंस, त्यातून काय बदललं. मी एकदा एक अर्ज वाचला होता, एकच पेपर होता, पण तिने लिहिलं होतं की सगळ्यांनी गृहीत धरलेलं एक कॅलिब्रेशन चुकीचं होतं ते तिने सात महिने घालवून दाखवलं आणि नवीन डेटा सगळ्यांसाठी खुला केला. आम्ही तिघांनीही तिला वरच्या गटात टाकलं.

बाळंतपणात आणि नंतर मिळून दोन वर्षं काम बंद होतं. आता अर्ज करायचाय पण गॅप कशी सांगायची कळत नाही. वय पण चौतीस आहे.
– दोन वर्षं मागे पडलेली

पहिल्यांदा सहीतला तो "मागे पडलेली" शब्द काढून टाका बघू. बहुतेक मोठ्या फेलोशिपांत वयाची अट नसते, पीएचडीपासूनची वर्षं मोजतात, आणि बाळंतपण, आजारपण, घरच्यांची देखभाल यासाठीची वर्षं त्यातून वजा होतात किंवा मुदत वाढवून मिळते. मारी क्युरीत तर संशोधनाबाहेर घालवलेला काळ आठ वर्षांत धरतच नाहीत. नियमावलीत करियर ब्रेक हा शब्द शोधा, किती महिने वाढवून मिळतात आणि पुरावा काय लागतो ते तिथं लिहिलेलं असतं.

सांगायचं कसं, तर एका वाक्यात, तारखांसकट. "अमुक महिना ते अमुक महिना मातृत्व रजा, या काळात संशोधन बंद." माफी नको, लांबण नको. पॅनलला ही माहिती हवी असते, कारण ती नसेल तर तुमच्या पेपरांमधलं मधलं रिकामं अंतर वाचून कुणीतरी भलताच अर्थ काढेल. देश बदलायच्या अटी पण नीट वाचा, मारी क्युरीत डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत होस्टच्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, आणि रजेचा काळ तुम्ही त्या होस्टच्या देशात काढला असेल तर तोही यात मोजला जाऊ शकतो. होस्टला मुलाबद्दल आधी सांगायचं का हा तुमचा निर्णय. मी असते तर हो मिळाल्यावर पाळणाघराची वेटिंग लिस्ट किती लांब असते ते लगेच विचारलं असतं.

एआयकडून प्रपोजल लिहून घेतलं तर कळतं का?
– घाईतला

व्याकरण सुधारायला, वाक्य छोटं करायला वापर, बऱ्याच ठिकाणी चालतं, पण त्या फेलोशिपचा नियम वाच आणि सांगायला सांगितलं असेल तर सांग. प्रश्न मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस. सध्या माझ्याकडं असे अर्ज येतात की तीन वेगवेगळ्या लोकांची पहिली पानं जवळपास एकसारखी असतात, तेच गुळगुळीत शब्द, आणि संदर्भ तपासायला गेलं तर एखादा पेपर अस्तित्वातच नसतो. तसा एक खोटा संदर्भ सापडला की मी पुढचं वाचते पण विश्वासाने नाही वाचत. दुसऱ्याचं अप्रकाशित प्रपोजल तर त्यात कधीच टाकायचं नाही. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या एनआयएचने २०२३ मध्ये रिव्ह्यूअरना हीच बंदी घातली, गोपनीयता मोडते म्हणून.

ताई, मारी क्युरीत ८४ टक्के आले आणि नाही मिळाली. एक वर्ष गेलं. रिव्ह्यूअरच्या कमेंट्स उघडायची हिंमत होत नाहीये. परत अर्ज करू का सोडून देऊ?
– थकलेला

८४ हा चांगला स्कोअर आहे रे. तुझा प्रकल्प वाईट होता असं यातून कुणीच म्हणणार नाही. मारी क्युरीच्या २०२४ च्या फेरीत दहा हजारांच्या वर अर्ज आले आणि सतराशेच्या आसपास निवडले गेले, म्हणजे सहातले पाच जण तुझ्यासारखेच त्या दिवशी स्क्रीनकडं बघत बसले होते. ८५ किंवा त्याच्या वर असूनही पैशाअभावी राहिलेल्यांना सील ऑफ एक्सलन्स नावाचं दर्जाचं प्रमाणपत्र देतात, तू त्याच्या एक टक्का खाली आहेस. त्रास होणारच, होऊ दे, मी पहिल्या नकारानंतर दोन आठवडे लॅबमध्ये कुणाशी धड बोलले नव्हते. २०१० मध्ये मेलनी स्टीफन नावाच्या संशोधिकेने, ती तेव्हा पोस्टडॉकच होती, नेचरमध्ये लिहिलं होतं की प्रत्येकाने आपल्या अपयशांचा पण एक सीव्ही ठेवावा, तो मिळालेल्या गोष्टींच्या सीव्हीपेक्षा लांब निघेल. मी तेव्हापासून ठेवलाय, आणि माझ्या विद्यार्थ्यांना दाखवते.

कमेंट्स एकट्याने उघडू नकोस, लॅबमधला एखादा विश्वासाचा माणूस शेजारी बसव. पहिल्यांदा नुसतं वाच आणि फाईल बंद कर. तीन-चार दिवसांनी परत उघड आणि प्रत्येक कमेंटपुढं लिही, हे मी लिहिलं नव्हतं का, लिहिलं होतं पण सापडलं नाही का, का खरंच माझ्याकडं उत्तर नाही. माझ्या पहिल्या अर्जावर एकाने लिहिलं होतं, "उमेदवार हे तंत्र कुठून शिकणार ते स्पष्ट नाही." मला भयंकर राग आला, कारण नवव्या पानावर लिहिलं होतं. मग शांतपणे बघितलं तर ते नवव्या पानावरच्या एका लांबलचक वाक्याच्या शेपटीला होतं. पुढच्या वेळी तेच वाक्य दुसऱ्या पानावर आलं, तारखेसकट, शिकवणाऱ्या ग्रुपच्या पत्रासकट. बाकी प्रपोजल ऐंशी टक्के तेच होतं.

तिसऱ्या प्रकारच्या कमेंट्सवर जास्त वेळ घाल, जिथं खरंच उत्तर नाही. तिथं एखादा छोटा प्राथमिक प्रयोग करता आला तर पुढच्या अर्जात एक फिगर येते आणि त्या फिगरने फार फरक पडतो.

परत कर, माझं स्पष्ट मत आहे. पण फक्त तिथंच नको. त्याच प्रश्नाला दुसरी दारं बघ, हुम्बोल्टला वर्षभर कधीही अर्ज करता येतो आणि विषयांचा किंवा देशांचा कोटा नसतो, प्रश्न बायोलॉजीकडं झुकत असेल आणि तुझी पीएचडी फिजिक्स-केमिस्ट्रीतली असेल तर ह्युमन फ्रंटियरची क्रॉस डिसिप्लिनरी फेलोशिप खास अशा लोकांसाठीच आहे. मारी क्युरीत त्याच होस्टकडून पुन्हा अर्ज करायला किमान गुणांची अट असते, नव्या फेरीत ती किती आहे ते वाचून घे. आणि होस्टला आजच मेल कर, निकाल काय लागला, कमेंट्स जोडतोयस, आणि दुसऱ्या ऐमसाठी त्यांच्याकडच्या जुन्या सॅम्पलवर दोन-तीन मोजमापं करून मिळतील का.